पॅरासिटामॉल आणि यकृत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की ताप-अंगदुखीच्या गोळीबद्दल रोज काही ना काही विचारणा होते. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. हे पान तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण घरातल्या डब्यात कोणत्या गोळ्या पडून आहेत आणि त्यांची दिवसाची बेरीज किती होते, एवढं तरी हे वाचून नक्की तपासा.

पॅरासिटामॉलने लिव्हर खराब होतं, हे खरं आहे का?

प्रमाणात घेतली तर ही जगातल्या सुरक्षित गोळ्यांपैकी एक आहे. गरोदर बाई, तान्हं बाळ, किडनीचा रुग्ण, डेंग्यूचा रुग्ण, या सगळ्यांना डॉक्टर आधी हीच देतात, ते उगाच नाही. प्रमाण ओलांडलं की मात्र हीच गोळी यकृतावर थेट घाव घालते. जास्त डोसमुळे यकृताच्या पेशी मरतात, अशी पहिली नोंद १९६६ साली एडिंबराहून प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये यकृत अचानक निकामी होण्याचं सगळ्यात मोठं कारण आज पॅरासिटामॉल आहे. आपल्याकडे हिपॅटायटीस ए आणि ई चे विषाणू, तसंच टीबीची औषधं ही कारणं पुढे आहेत. म्हणून आपल्याकडे धोका नाही असं मात्र नाही. तो लक्षात येत नाही, कारण काविळीच्या रुग्णाला ‘गेल्या आठवड्यात तापाच्या किती गोळ्या घेतल्या?’ असं फार कमी वेळा विचारलं जातं.

शरीरात नेमकं काय होतं?

पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलपैकी बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. साधारण ५ ते १० टक्के भागाचं मात्र ‘नापक्वी’ नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर होतं. हे प्रत्येक गोळीत होतं, अगदी योग्य डोसमध्येही. यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक द्रव्य त्या विषाला धरून निकामी करतं, त्यामुळे आपल्याला काही कळतही नाही.

ग्लुटाथायोनचा साठा उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टाकीसारखा असतो : वरून भरणं चालू असतं, पण हळू. उपसा त्याहून जास्त झाला की साठा आटतो, मोकळं राहिलेलं विष पेशींनाच चिकटतं आणि त्या मरतात. एका वेळी खूप गोळ्या गेल्या तर साठा काही तासांत संपतो. रोज थोडं थोडं जास्त जात राहिलं तर काही दिवसांत संपतो. या पानाचा भर दुसऱ्या प्रकारावर आहे, कारण आपण काही चुकीचं करतोय असं त्यात माणसाला वाटतच नाही.

दिवसाला किती गोळ्या चालतात?

धडधाकट प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या किंवा ६५० च्या ६. दोन डोसमध्ये किमान ४ तास, शक्यतो ६ तास अंतर हवं. ही शेवटची हद्द आहे, रोजचं प्रमाण नव्हे. अनेक दिवस घ्यायची वेळ आली तर बरेच डॉक्टर ३००० च्या आत ठेवतात. रोज दारू पिणाऱ्यांना, यकृताचा आजार असलेल्यांना आणि फार अशक्त माणसांना २००० च्या आत.

वजनाचा मुद्दा आपल्याकडे हमखास सुटतो. ५० किलोच्या आतल्या माणसाला डोस वजनावर काढावा लागतो : एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि दिवसाला किलोमागे ६० पर्यंत. ४० किलोच्या बाईसाठी ही मर्यादा २४०० होते. तिने ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली तर २६०० होतात, म्हणजे साध्या ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र’ हिशोबातही ती हद्दीबाहेर जाते. आपल्याकडे ४०-४५ किलोच्या बायका आणि म्हातारी माणसं घरोघरी आहेत. गोळी मात्र सगळ्यांना एकच, ६५० ची.

मी तर प्रत्येक प्रकारची एकेकच गोळी घेतो. मग जास्त कशी होईल?

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून हे उत्तर लांब आहे.

एक आजी दुकानात आल्या. मळमळतंय, जेवण जात नाही, ॲसिडिटीचं काहीतरी द्या म्हणाल्या. बाकी काय चालू आहे असं विचारल्यावर त्यांनी कापडी पिशवी काउंटरवर रिकामी केली. त्यात तीन पाकिटं होती. “ही हाडांची, ही तापाची, ही सर्दीची. जास्त कुठे घेते मी?” त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने बरोबरच होतं. हाडांची गोळी हाडांच्या डॉक्टरांनी दिली होती, तापाची गावातल्या डॉक्टरांनी, आणि सर्दीची सुनेने आणून ठेवली होती.

पाकिटं उलटी केली. हाडांच्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक या दुखणं कमी करणाऱ्या औषधासोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, दिवसातून दोनदा : ६५०. तापाची ६५० ची, तीनदा : १९५०. सर्दीच्या गोळीत ५००, तीनदा : १५००. एकूण ४१००. आजींचं वजन ४२ किलो, म्हणजे त्यांची दिवसाची मर्यादा २५२० च्या आसपास. हे चौथ्या दिवशी चालू होतं आणि मळमळीमुळे पोटात धड अन्न नव्हतं. त्यांना ॲसिडिटीची गोळी न देता, तीनही पाकिटांवर पेनाने आकडे लिहून त्याच दुपारी रक्त तपासायला पाठवलं.

कोणत्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, हे लोकांना माहीत नसतं. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तर नावंच तापाची. पण कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. झिरोडॉल-पी मधला ‘पी’ पॅरासिटामॉलचाच. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉलसोबत ते आहे, सॅरिडॉनमध्ये आहे, सर्दीवरच्या सिनारेस्टसारख्या गोळ्यांत आहे. नाव आणि रंग बघून ओळखता येत नाही. पाकिटाच्या मागे लहान अक्षरांत घटक छापलेले असतात, तिथे पॅरासिटामॉल हा शब्द शोधा आणि त्यापुढचा आकडा बघा. अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, किंवा दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. ते त्याचं कामच आहे.

सुट्या गोळ्यांचाही त्रास आहे. कात्रीने कापलेल्या तुकड्यावर कधी नाव राहतं, तर कधी नुसती चांदी. चार गोळ्या हव्या असल्या तरी नाव असलेला तुकडा मागून घ्या. ब्रिटनने १९९८ साली पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांची संख्याच कमी केली आणि त्यानंतर या गोळीने होणारे मृत्यू घटले. आपल्याकडे निदान गोळीवर नाव तरी असावं, एवढा आग्रह प्रत्येक ग्राहकाने धरावा असं मला मनापासून वाटतं.

वर्षानुवर्षं रोज एक-दोन गोळ्या घेतल्या तर लिव्हर हळूहळू जातं का?

योग्य डोसमध्ये दीर्घकाळ घेतल्याने दारूसारखा सिरॉसिस (यकृतावर कायमचे वण पडून ते कडक होणं) होतो, असं दिसून आलेलं नाही. त्यामुळे संधिवातासाठी रोज ५०० ची एक गोळी घेणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही.

पण ‘मर्यादेत आहे म्हणजे यकृताला काहीच होत नाही’ हेही खरं नाही. २००६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना दिवसाला पूर्ण ४ ग्रॅम पॅरासिटामॉल १४ दिवस दिलं, तेव्हा जवळपास तिघांपैकी एकाच्या रक्तातलं यकृताचं एन्झाइम (यकृताच्या पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं) नॉर्मलच्या तिपटीवर गेलं. त्या माणसांना त्रास काहीच होत नव्हता. पुष्कळांमध्ये असं वाढलेलं एन्झाइम आपोआप खाली येतं, पण ही माणसं निरोगी होती, नीट जेवत होती आणि फक्त दोन आठवडे घेत होती.

खरी भीती आहे ती रोजच्या डोसवर आणखी काही येऊन पडतं तेव्हाची. दात दुखतो, पाठ धरते, व्हायरल ताप येतो. माणूस आधीची गोळी चालू ठेवतो आणि वर दुसरी घेतो. एडिंबरामध्ये पॅरासिटामॉलने यकृताला गंभीर इजा झालेल्या ६६३ रुग्णांचा अभ्यास २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यातल्या १६१ जणांनी एकदम नव्हे, तर थोडं थोडं करून जास्त घेतलं होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना फक्त दुखणं थांबवायचं होतं. एकदम जास्त घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास होतं, थोडं थोडं घेतलेल्यांमध्ये ३७ टक्के. ही माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात, आणि रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी तोवर कमी आलेली असल्यामुळे डॉक्टरही फसू शकतात.

आणखी एक : रक्तदाब असलेल्यांनी रोज ४ ग्रॅम घेतल्यास वरचा आकडा सुमारे ५ ने वाढतो, असंही २०२२ साली दिसून आलं आहे. बीपीची गोळी आणि ही गोळी, दोन्ही रोज घेणाऱ्यांनी डॉक्टरांना हे सांगायला हवं.

गुडघेदुखीसाठी रोज घेते. बंद करू का?

आधी हे बघा की तिने फरक किती पडतो. गुडघ्याची झीज आणि जुनी कंबरदुखी यांवर पॅरासिटामॉलचा उपयोग फारच थोडा होतो, हे आता बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. गोळीने फरक पडत नाही म्हणून दोनाच्या तीन, तीनाच्या चार होतात, आणि इजा इथूनच सुरू होते. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणं, वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल, यांनी गुडघ्याला जास्त आराम पडतो. जेलमधून रक्तात औषध फार थोडं जातं. दिवसभर वाकून ऊसतोड किंवा भातलावणी करणाऱ्या बाईला व्यायाम सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड, हे मला कळतं. तरीही रोजची गोळी हा त्यावरचा इलाज नाही.

डोकं रोज दुखतं म्हणून रोज गोळी लागते.

महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, सलग तीन महिने अशी गोळी घेतली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. डॉक्टरांना दाखवा आणि गोळी कशी थांबवायची ते त्यांना विचारा.

दारू पिणाऱ्यांनी घेतली तर?

रोज पिणाऱ्याच्या शरीरात विषारी नापक्वी तयार करणारं एन्झाइम वाढलेलं असतं, आणि जेवणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ग्लुटाथायोन कमी असतं. म्हणजे विष जास्त आणि ते धरणारं कमी. अशांनी २००० ची मर्यादा पाळावी आणि डॉक्टरांना दारूबद्दल खरं सांगावं. रात्री जास्त झाली म्हणून सकाळी डोकं दुखतंय आणि हँगओव्हरला दोन-दोन गोळ्या, ही सवय मोडा.

उपासात गोळी चालते का?

एखाद्या एकादशीला एक गोळी घेतली तर काही होत नाही. नवरात्रात नऊ दिवस फक्त पाणी-फळांवर राहणाऱ्यांनी, किंवा ताप-उलट्यांमुळे तीन-चार दिवस पोटात काही नसलेल्यांनी मात्र जपायला हवं. पोटात अन्न नसेल तर ग्लुटाथायोन भरून निघत नाही. जास्त डोस आणि उपाशीपोट एकत्र आलं की यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो, हे १९९४ पासून नोंदलेलं आहे. ताप असताना कडक उपास सोडावा. कोणताही देव त्याला हरकत घेणार नाही.

इतर कोणत्या औषधांसोबत धोका वाढतो?

टीबीची औषधं, विशेषतः आयसोनियाझिड. फिटची जुनी औषधं : फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉल रोज घेतलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अशी औषधं चालू असतील तर दुकानातून स्वतःहून गोळी नेऊ नका.

डेंग्यूत पॅरासिटामॉलच घ्या म्हणतात, मग?

बरोबर म्हणतात. डेंग्यूत ॲस्पिरिन, ब्रुफेन (म्हणजे आयब्युप्रोफेन), डायक्लोफिनॅक टाळायचं असतं, कारण रक्तस्रावाची भीती असते. पण डेंग्यूचा विषाणू स्वतःच यकृताला सूज आणतो आणि ताप १०३-१०४ वरून हलत नाही. मग घरचे दर तीन तासांनी ६५० देत बसतात, २४ तासांत ८ गोळ्या : ५२००. ताप उतरत नसेल तर कोमट पाण्याने अंग पुसा, पाणी-पेज देत राहा. पुढची गोळी वेळेआधी देऊ नका. किती वाजता दिली ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. घरात तीन माणसं आलटून-पालटून रुग्णाजवळ बसतात, तेव्हा एकच डोस दोघांनी देण्याचे प्रकार होतात.

मला फॅटी लिव्हर आहे. त्यापेक्षा ब्रुफेन बरी ना?

नाही. यकृताच्या रुग्णाला, अगदी सिरॉसिस असला तरी, दिवसाला २ ग्रॅमच्या आत पॅरासिटामॉल हेच सहसा सुरक्षित मानलं जातं. ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी अशा रुग्णाची किडनी बिघडू शकते आणि अन्ननलिकेतून रक्तस्राव होऊ शकतो. डायक्लोफिनॅक स्वतःही कधीकधी यकृताला सूज आणतं. निमेसुलाइड या ताप-दुखण्यावरच्या औषधाबद्दल तर बरीच काळजी व्यक्त झाली आहे : आपल्याकडे १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे, आणि स्पेन, फिनलंडने यकृताच्या तक्रारींमुळे २००२ मध्ये ते बाजारातून काढलं. घरात जुनी निमेसुलाइडची बाटली सापडली तर मुलाला पाजू नका.

यकृताला इजा होतेय हे कसं ओळखायचं?

सुरुवातीला ओळखता येत नाही, हीच यातली वाईट गोष्ट. पहिल्या दिवशी मळमळ, घाम, अन्नावरची वासना जाणं, किंवा काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं, लघवी गडद होते, आणि गंमत म्हणजे मळमळ कमी झाल्यासारखी वाटून माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इजा टोकाला पोचते : डोळे पिवळे, हिरड्यांतून रक्त, बरळणं, झोपेतून नीट जागं न होणं. बरळणं किंवा गुंगी दिसली तर घरी एक मिनिट थांबू नका, १०८ ला फोन करा.

कोणती तपासणी करायची?

लिव्हर फंक्शन टेस्टमधले एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृताची एन्झाइम्स), बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण), आणि पीटी-आयएनआर. लोक फक्त एसजीपीटीचा आकडा बघतात. यकृत काम करतंय की नाही हे आयएनआर जास्त नेमकं सांगतो, म्हणून तो विसरू नका. सोबत क्रिएटिनिनही बघतात, कारण किडनीलाही इजा होऊ शकते. महिनोन्‌महिने रोज गोळी घेणाऱ्यांनी किती दिवसांनी तपासायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

चुकून जास्त गोळ्या गेल्या तर?

त्रास सुरू होण्याची वाट बघू नका. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात जा. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतो. ८ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत जवळजवळ पूर्ण वाचतं, उशीर झाला तरी त्याचा उपयोग होतोच. ‘आता वेळ निघून गेली’ असं घरच्या घरी ठरवू नका. यकृताची पुन्हा वाढण्याची ताकद मोठी आहे, वाचलेल्या बहुतेकांचं यकृत पूर्ववत होतं. अगदी थोड्यांना प्रत्यारोपण लागतं.

कोणी जीव द्यायच्या विचाराने गोळ्या घेतल्या असतील तर पहिल्या दिवशी ती व्यक्ती ठीक दिसली तरी दवाखान्यात न्यायलाच हवी. रागावू नका, एकटं सोडू नका. मनावरचा भार बोलून दाखवायला टेली-मानस १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

लहान मुलांचं काय?

मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर असतो : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांनी, २४ तासांत जास्तीत जास्त चार-पाच वेळा. गोंधळ बाटल्यांचा आहे. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १००. ड्रॉप्स चमच्याने पाजले तर ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. ड्रॉप्ससोबत आलेला ड्रॉपरच वापरा, आणि बाटली बदलली की डोस पुन्हा विचारा.

कावीळ झाली आहे, झाडपाल्याचं औषध घेऊ का?

आधी रक्त तपासा. काविळीची कारणं अनेक आहेत. गोळ्यांमुळे झालेल्या काविळीत औषध देणाऱ्याकडे खेपा मारण्यात उताऱ्याचे मोलाचे तास जातात, आणि अंगदुखीसाठी तीच गोळी घरी चालूच राहते. वनस्पती आहे म्हणजे यकृताला निर्धोक, असंही धरू नका. गुळवेलाच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. काढा किंवा चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कंबरदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत काय घातलंय हे कोणीच सांगू शकत नाही, त्या घेऊच नका.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

घरात चालू असलेली सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. बाम, मुलांचं सिरप, काढ्याची बाटली, शेजारणीने दिलेली सुटी गोळी, सगळं. गेल्या चार दिवसांत कोणती गोळी कितीदा घेतली ते आठवून लिहा, आणि वजन किती आहे तेही लिहा. दारू, उपास आणि उलट्या झाल्या असतील तर तेही त्याच कागदावर. डॉक्टरांकडे गर्दी असली तर नुसता तो कागद त्यांच्या पुढ्यात ठेवा.